दोन नाकांचा बादशहा

माझा उजवा हात नोव्हेंबरात गेला. गेला म्हणजे तुटून पडला असं नाही, जागच्या जागीच होता. पण माझं ऐकेनासा झाला. सकाळी किटली उचलायला गेले तर बोटांनी साफ नकार दिला. तोंडही जरा वाकडं झालं होतं, ते आठवड्याभरात ताळ्यावर आलं. हाताचं मात्र डॉक्टरांनी सांगितलं की झटका मेंदूला बसलाय, हातात काही बिघाड नाही, त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायला लागेल. मी उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला. हट्टी पोरांना कोबी खायला शिकवता शिकवता माझी शिकवण्याची हौस कधीच फिटली होती, आणि आता हा नवा विद्यार्थी गळ्यात पडला.

लॉर्ना, माझी एकुलती एक मुलगी, लीड्सला असते. ती धावत आली, महिनाभर राहिली, माझी बटणं लावली, ताटातलं मांस चिरून दिलं, आणि जाताना म्हणाली की आई, आता तू एकटी राहायचं नाहीस. तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्या आहेत. खाली एक बाई कायम असते, दोरी ओढली की वर येते. लॉर्नानं माझं नाव तिथं घालूनही टाकलं होतं. मी ती जागा पाहून आले. खिडकीतून मोटारींचा तळ दिसतो. मी म्हटलं, मला नाही यायचं. ती म्हणाली, तुला काय हवं हा प्रश्नच नाही, तुला काय जमतं ते बघायचंय. बरीच वादावादी होऊन शेवटी आमचा तह झाला. ऑगस्टअखेरपर्यंत मुदत. तोवर चहा करणं, बटणं लावणं आणि दाराची किल्ली फिरवणं मला माझ्या हातांनी जमलं, तर मी माझ्या घरात राहणार. नाही जमलं तर लीड्स.

घर सोडायचं म्हणजे मला शेतं सोडायची होती. आमचं गाव यॉर्कशरच्या चुनखडीच्या टेकड्यांत आहे. कापणी उरकली की कानाला हेडफोन आणि हातात धातू शोधायचा डिटेक्टर घेऊन मी आणि विल्फ स्टेंटन, आम्ही दोघं हार्लंड नावाच्या शेतकऱ्याच्या रानात पायपीट करायला मोकळे. नवरा गेल्यानंतरची वर्षं तर मी त्या रानावरच काढली. यंत्र किरकिरलं की गुडघे टेकायचे, ढेकूळ फोडायचं, आणि बहुतेक वेळा निघतं बाटलीचं झाकण. कधीतरी मात्र मातीतून एक हिरवट चकती हाताला लागते, आणि मग घरी जाईपर्यंत दोघांपैकी कुणीच बोलत नाही. हे सगळं सोडून मी मोटारी मोजत बसणार नव्हते.

पण हाताला शिकवणार कसं? हॉस्पिटलातून एक तरुण बाई घरी येई. तिनं मला एक मऊ निळा गोळा दिला, तो दिवसभर दाबायचा. कपड्यांचे चिमटे दिले, ते वहीच्या पुठ्ठ्याला लावायचे आणि काढायचे. बाई गोड होती, तिचं काही चुकत नव्हतं. मला मात्र शिशुवर्गात बसवल्यासारखं वाटे. ती गेली की गोळा कपाटात जाई आणि ती यायच्या दिवशी बाहेर निघे. हात जसा होता तसाच राहिला.

जानेवारीत एका रविवारी विल्फ आला. विल्फ पूर्वी दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. बायको नाही, मूल नाही, गावच्या प्रदर्शनासाठी मनगटाएवढे जाड लीक, म्हणजे पातीच्या कांद्याचे थोरले भाऊ, पिकवतो आणि तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या जिवावर येतं. बूट दाराबाहेर काढून तो आत आला आणि लोण्याचा एक रिकामा डबा माझ्यासमोर आपटला. आत चिखलानं लडबडलेली पाचसहा जुनी रोमन नाणी होती.

"ही साफ कर," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं की माझ्याकडं एकच हात आहे हे त्याच्या कानावर आलंय की नाही.

"माझ्याकडं दोन आहेत, आणि दोन्ही फावडी आहेत. मागं एकदा मी नाण्यावरच्या कॉन्स्टंटाईन बादशहाचं मुंडकं उडवलं होतं. तूच कर."

हे खरं होतं. आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या मंडळात नाणी साफ करायचं काम माझ्याकडंच असे. बाकी सगळ्यांना घाई. एकजण शेतातच अंगठ्यानं चोळून मोकळा होतो, दुसरा व्हिनेगरमध्ये बुडवतो, आणि एका महाभागानं तर भांडी धुवायच्या यंत्रात घातलं होतं. मातीत शेकडो वर्षं पडलेल्या तांब्यावर एक हिरवी कातडी चढते. बादशहाचा चेहरा, अक्षरं, जे काही उरलेलं असतं ते त्या कातडीतच असतं. ती निघाली की हातात एक चकचकीत कोरी चकती राहते, आणि ती चकती सुंदर दिसते म्हणून खूश होणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. नाणं शुद्ध केलेल्या पाण्यात भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, आणि मग भिंगाखाली धरून काट्यानं कणाकणानं माती उचलायची. धातूची सुई नाही, झाडाचा काटा. माझ्या बागेच्या कडेला दारुहळदीच्या जातीचं काटेरी कुंपण आहे, त्याचे काटे मी पेन्सिलीच्या टोकात बसवते. काटा मातीपेक्षा कडक आणि कातडीपेक्षा मऊ असतो. शेवटी सुकवून मेणाचा एक हात दिला की झालं.

मी डबा परत सरकवला. विल्फनं तो पुन्हा माझ्याकडं ढकलला आणि म्हणाला, नाणं डाव्या हातात धर, काटा उजव्यात. मी म्हटलं, काटा पडेल. तो म्हणाला, मग उचल. आणि चहाही न घेता निघून गेला.

पहिल्या दिवशी काटा इतक्या वेळा पडला की शेवटी मी तो दोरीनं बोटाला बांधला. टोक नाण्यावर टेकवायचं म्हटलं की ते टेबलावर जाई. मी हाताला शिव्या घातल्या, विल्फला घातल्या, रोमन साम्राज्यालाही घातल्या. पण एक गोष्ट होती. चिमटा पुठ्ठ्याला लागला काय आणि न लागला काय, जगाचं काही अडत नव्हतं. इथं मातीखाली कुणीतरी होतं. दुपारी भिंगातून बघताना एका कानाची पाळी दिसली आणि मी दिवा लावायला म्हणून उठले तेव्हा कळलं की सकाळपासून मी निळ्या गोळ्याची आठवणसुद्धा काढली नव्हती.

मग दर रविवारी डबा येऊ लागला. मी झालेली नाणी परत देई, विल्फ ती न बघताच खिशात टाकी आणि म्हणे, "बरी आहेत." बरी कुठली, मला माहीत होतं. बऱ्याच नाण्यांवर माझा हात घसरला होता. पण ती साधी नाणी होती, कॉन्स्टंटाईन आणि त्याच्या पोरांची बारकी चिल्लर, आमच्या रानात चिकार सापडतात. एखादं बिघडलं तरी कुणाचं नुकसान नाही असं मी स्वतःला सांगत होते.

मार्च गेला, गहू वर आला. उभ्या पिकात कुणी पाय घालत नाही, आमच्यात तो सगळ्यात पहिला नेम आहे. तरी नाणी येतच राहिली. मी विचारलं तर विल्फ म्हणाला की चर्चमागच्या कुरणात परवानगी मिळालीय, तिथं मेंढ्या असतात, बारा महिने खणता येतं. मला पटलं. आणि गंमत म्हणजे ही कुरणातली नाणी माझ्या हाताखाली भराभर साफ व्हायला लागली. पूर्वी जिथं आठवडा लागे तिथं दोन दिवसांत चेहरा वर येई. मंडळाच्या चहाला गेले तेव्हा मी चारचौघांत शेखी मिरवली की झटका आल्यापासून माझा हात उलट सुधारलाय. विल्फ माझ्या शेजारीच बसला होता. तो आल्याचा केक खात राहिला.

एकदा चिखलात अंड्याच्या टरफलाचा तुकडा निघाला. पांढरा, स्वच्छ, कालचाच वाटावा असा. कुरणात पक्षी अंडी घालतात, असं म्हणून मी तो झटकून टाकला.

जूनमध्ये लॉर्ना आली. मला दाखवायचं होतं की हात कसा चालतो. काट्याचं काम दाखवलं, ती कौतुकानं बघत होती. मग मी तोऱ्यात उठले आणि किटली उजव्या हातानं उचलली. अर्ध्या वाटेत ती सुटली. उकळतं पाणी फरशीवर, थोडं माझ्या पायावर. लॉर्नानं फरशी पुसली, माझ्या पायाला मलम लावलं आणि बाहेर बागेत जाऊन रडली. मी खिडकीतून पाहिलं. काटा धरायला शिकलेला हात बाकी सगळ्याला अजून घाबरत होता, आणि मीही त्याला घाबरत होते. कुठलीही वस्तू दिसली की माझा डावा हात आधी पुढं होई. जाताना लॉर्ना म्हणाली की खोली तिनं ऑगस्टअखेरपर्यंत धरून ठेवलीय, त्याच्यापुढं ते थांबणार नाहीत. मी मान हलवली.

आणि जुलैत तो बादशहा निघाला.

त्या रविवारच्या डब्यात एकच नाणं होतं, जरा मोठं. माती सुटायला लागली तशी जाड मान दिसली, मग दाढी. मी खूश झाले, कारण असली मान एकाचीच असते. कॅरॉशियस, रोमन आरमाराचा सेनापती, जो बंड करून इथं ब्रिटनमध्येच बादशहा होऊन बसला. आमच्याकडं त्याच्यावर सगळ्यांचं प्रेम. मी हात घाईत चालवला. ओठ आले, आणि नाकावरची माती उचलताना काटा जरा जोरात गेला. नाकाशेजारची हिरवी कातडी उडाली, खालचं तांबं लाल दिसायला लागलं. मी चरफडले. मग भिंग जवळ घेतलं. जिथं कातडी उडाली होती तिथंही एक नाक होतं. अर्धं उडालेलं, पण नाकच. टाकसाळीत ठसा दोनदा बसला होता, आणि बादशहाला दोन नाकं आली होती.

असलं नाणं जगात एकच आहे आणि ते मी शंभर वेळा पाहिलं होतं. विल्फला ते हार्लंडच्या रानात सापडलं होतं, मी त्याच्या शेजारी उभी होते. दर नाताळात मंडळाच्या टेबलावर ते मधोमध मांडलेलं असतं. पोरंसोरं विचारतात, दोन नाकांचा कुठाय. विल्फला कुणी कधी हसताना पाहिलं असेल तर ते त्या नाण्याजवळ.

मी भिंग खाली ठेवलं. टरफल आठवलं. लीकला गोगलगायी लागू नयेत म्हणून विल्फ वाफ्यात अंड्याची टरफलं कुसकरून टाकतो, हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे. कुरणबिरण काही नव्हतं. गहू वर आल्यापासून तो आपल्या घरातली नाणी काढत होता, जन्मभर जमवलेली, मीच कधीकाळी साफ करून दिलेली, आणि त्यांना आपल्या लीकच्या वाफ्यातली माती फासून माझ्याकडं आणत होता. म्हणूनच ती माती इतकी लवकर सुटत होती. आधी चिल्लर दिली, मग बरी, आणि आता सगळ्यात लाडकं. आणि मी काय केलं? ती एकेक करून खराब केली. तो म्हणाला, बरी आहेत.

मला आधी राग आला, तळपायाची आग मस्तकात गेली. मला फसवलं, मंडळात माझं हसं करून घेऊ दिलं. मग राग ओसरला आणि भीती वाटली. मला कळलंय हे त्याला सांगितलं, तर नाणी थांबणार आणि माझा हातही तिथंच थांबणार. गप्प बसले, तर त्याच्याकडं जे काही उरलं असेल तेही मी खरवडून टाकणार. ऑगस्ट तोंडावर आला होता. तो आठवडा मी काटा हातात धरला नाही.

शनिवारी लॉर्ना आली तेव्हा मी तिला म्हटलं, मला विल्फकडं सोड. तो शेजारच्या गावात राहतो. का, ते सांगितलं नाही. ती म्हणाली, मला फोन करायचे आहेत, मी गाडीतच बसते.

विल्फ मागच्या बाजूला पाइप घेऊन लीकना पाणी घालत होता. मी सरळ त्याच्या पुढच्या खोलीत शिरले. नाण्यांचं कपाट त्यानं स्वतः बनवलंय, चर्चमधून काढून टाकलेल्या जुन्या बाकांच्या लाकडाचं. आत बसके कप्पे, त्यांत हिरवं कापड, कापडात प्रत्येक नाण्यासाठी गोल घर. पहिला कप्पा ओढला, त्यात मी खराब केलेली नाणी होती, प्रत्येक आपापल्या घरात नीट बसवलेलं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही. सगळ्यात खालच्या कप्प्यात फक्त चांदीची होती, मोजकी, अजून न शिवलेली. स्वयंपाकघरात टेबलावर मातीचं मोठं वाडगं होतं, शेजारी गव्हाच्या पिठाची खळ, आणि भट्टीच्या पत्र्यावर एक चांदीचं नाणं चिखलात लिंपून बिस्किटासारखं मांडलेलं.

विल्फ दारात येऊन उभा राहिला. वाडग्याकडं आणि माझ्याकडं बघून त्याला सगळं कळलं.

"मूर्खा," मी म्हटलं. "भाजत होतास? नाणी? भट्टीत?"

"मंद आचेवर," तो म्हणाला.

मी त्याला जे बोलायचं ते सगळं बोलले. की त्यानं माझा पाणउतारा केलाय. की चांगल्या नाण्याला ओली माती फासणं हे पाप आहे आणि हे त्याला माझ्याइतकंच कळतं. की साफ करायलाच काही हवं होतं तर शेतातली जुनी बटणं आणायची होती, बाटल्यांची झाकणं आणायची होती, त्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी भरलेल्या बादल्या आहेत.

तो बूट न काढताच आत आला आणि खुर्चीवर बसला. विल्फनं घरात बूट घातलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"बटणं तू साफ केली असतीस?" त्यानं विचारलं. "तो निळा गोळा कपाटात टाकलास तू. मी पाहिला होता, बशांच्या मागं. झाकणंही तिथंच गेली असती."

मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"तुला वाईट वाटेल असंच काहीतरी हवं होतं," तो म्हणाला. "हात घसरला तर जिवाला लागेल असं. नाही तर तू कशाला कष्ट घेतेयस, मेव्हिस. थंडीत मी खणून बघितलं. सुरुवातीला बरीच मिळाली, मग महिनाभर पावसात हिंडून तीनच सापडली. मग गहू आला. तुझा हात काय कापणीची वाट बघणार होता?"

विल्फच्या तोंडून मी इतकी वाक्यं एका दमात कधी ऐकली नव्हती. मी पर्स उघडली, कापसात गुंडाळलेलं नाणं काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं, बघ काय केलंय मी. त्यानं ते खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं, डोळे बारीक करून पाहिलं. मला वाटलं आता हा रडेल, आणि मग मी इथं थांबू शकणार नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "एवढ्याशा तोंडाला दोन नाकं जास्तच होती."

मग मीच रडले. टेबलावर डोकं टेकून, पोरीसारखी. आमच्याकडं कुणाचे आभार मानायचे म्हणजे त्याच्या दारात डझनभर अंडी ठेवायची, घंटा वाजवायची आणि दार उघडायच्या आत पळून जायचं. तोंडानं बोलायची रीत नाही. पण मी बोलले. म्हटलं, विल्फ, माझ्या नवऱ्यानंही माझ्यासाठी एवढं केलं नसतं, आणि तो भला माणूस होता. म्हटलं, तुझ्या आयुष्याची कमाई तू माझ्या थरथरत्या हातात दिलीस आणि दर रविवारी बरी आहेत म्हणालास, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. विल्फचे कान लाल झाले. तो खिडकीतून लीककडं बघत राहिला आणि म्हणाला की यंदा उजवीकडच्या ओळीला पाणी कमी पडलंय.

मी डोळे पुसले. खालच्या कप्प्यातली चांदीची नाणी नको, ती राहू दे, असं त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही.

"ऑगस्ट संपला नाही अजून," तो म्हणाला. "चांदीला तसंही फार काही होत नाही. तू लाव ना काटा. कपाटात बसून ती काय करतायत?"

त्याला नाही म्हणणं मला सोपं होतं, आणि तेच मी जन्मभर करत आले होते, मदत म्हणून जे काही पुढं येईल ते परत सरकवत. त्या दिवशी मला तसं करवेना.

"मग नीट तरी लिंप," मी म्हटलं. "पीठ घालून भाजतोस आणि मग पाण्यात पडलं की सगळं सुटतं. मी इकडं स्वतःला मोठी कारागीर समजत बसले होते."

"मला काय माहीत. मी आतापर्यंत माती काढायचंच बघत आलो."

त्याला खळ मोरीत ओतायला लावली. खडूची भुकटी आणायला सांगितली, आमच्या रानातल्या मातीत चुना असतोच. आणि गंजलेल्या खिळ्यांचा थोडा चुरा, म्हणजे माती धरून बसते. तो गॅरेजमधून सगळं घेऊन आला. मी सांगत होते, तो वाडग्यात टाकत होता, थोडं पाणी, अजून थोडं, पुरे. माती जरा कोरडी वाटत होती, ढेकळं राहिली होती. मी ती मोडायला घेतली. शाळेत तीनशे पोरांचं पीठ मळलंय मी, मळायचं कसं हे मला कुणी शिकवायला नको. तळहाताच्या टाचेनं दाबायचं, दुमडायचं, गोळा फिरवायचा, पुन्हा दाबायचं. तोंडानं मी विल्फला सांगतच होते की चांदीवर चुना कमी, नाही तर डाग पडतील, आणि तो काहीच उत्तर देत नव्हता म्हणून मी वर पाहिलं.

तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या मागं दारात लॉर्ना उभी होती. फोन संपवून आत आली असावी, किती वेळ उभी होती कोण जाणे. तिची नजर वाडग्यात होती. मीही खाली पाहिलं. माझा डावा हात मांडीवर निवांत पडला होता. मातीत मनगटापर्यंत गेला होता तो उजवा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. विल्फनं ते आधीच पाहिलं होतं आणि तोंड मिटून बसला होता, लबाड माणूस.

मी हात थांबवला. मला भीती वाटली की आता माझ्या लक्षात आलंय, तर तो पुन्हा घाबरेल. मग अंगठा दाबून बघितला. माती दबली. बोटं मिटली, उघडली. पुन्हा मिटली.

"आई," लॉर्ना म्हणाली. ती जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, मातीनं भरलेला माझा हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. तिच्या चांगल्या ब्लाउजवर चिखल ओघळला, तिला त्याचं काही नव्हतं. मग तिनं पुन्हा फोन काढला आणि मागच्या दाराकडं वळली. म्हणाली, हा हात आता किटलीही उचलेल आणि किल्लीही फिरवेल, त्या खोलीचं सांगून टाकते त्यांना, नको म्हणून, दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे.

ती बाहेर गेली. विल्फ दारापर्यंत तिच्या मागोमाग गेला आणि ओरडून म्हणाला की बोलताना फिरायचंच असेल तर रस्त्यावर फिर, लीकच्या वाफ्यात पाय देऊ नकोस. मग परत येऊन त्यानं खालचा कप्पा अख्खाच बाहेर काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मी त्यातलं पहिलं नाणं उचललं, उजव्या हातानं, आणि नीट बघून घेतलं, म्हणजे मातीखालून निघेल तेव्हा ओळखता येईल.